एक वायर काढून बघा

भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात माझी नोकरी झाली. दिवाळीत धुळ्याहून आलेल्या सातवीतल्या नातीने आर्डुइनोच्या, म्हणजे कोड लिहून चालवायच्या छोट्या बोर्डावर सिग्नल करून दाखवला. चार पायांचा एकच एलईडी. त्याच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. कोडमध्ये प्रत्येकाला ० ते २५५ मधला आकडा द्यायचा. प्रत्येक रंगाच्या पायाला २२० ओहमचा रेझिस्टर तिने स्वतः जोडला होता. लाल २५५, हिरवा ८०, निळा शून्य दिला की पिवळा!

मी म्हटलं, "हिरव्याची वायर काढ." काढली, पिवळ्याचा लाल झाला. गाडी थांबली असती, एवढंच. "आता ती लाव आणि लालची काढ." दिवा मंद हिरवा झाला. "आबा, म्हणजे गाडी पुढे सुटेल ना!"

आमच्या खात्यातला पहिला धडा तिने आपणहून गाठला. बिघाड झालाच तर गाडी थांबली पाहिजे. म्हणून रेल्वेच्या सिग्नलमध्ये पिवळ्याला वेगळा दिवा असतो. लाल दिवाच गेला तर मागचा सिग्नल लाल होतो. नातीने लगेच तीन सुटे एलईडी घेतले आणि कोड नव्याने लिहायला बसली.

असे प्रयोग शाळेतच करता यावेत म्हणून नीती आयोगाने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाहुणे आले की उघडायचं आणि एरवी कुलपात ठेवायचं कपाट म्हणजे लॅब नव्हे. एलईडी दोन-पाच रुपयांना मिळतो. जळाला तर जळू द्या, मुलांना का जळाला ते शोधू द्या.

विषयही बाहेरून आणायला नकोत. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात पंपाच्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन फेजचे तीन दिवे असतात. एक फेज गेली आणि मोटार चालूच राहिली तर ती जळते. शेतकऱ्याच्या पोराने हे घरी पाहिलेलं असतं. एक दिवा विझताच मोटार बंद करणारा कोड त्याला लिहू द्या.

आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी रंगीत तक्ते बाजूला ठेवून मॉडेलची एक वायर काढावी, मुलाला विचारावं, "आता काय होईल?" बाजारातून आणलेलं मॉडेल कोणतं, ते तिथेच कळेल.