मूळ खणतां खणतां कुदळ कोठें थांबली?

शेतकरी बंधूंनो, सुतार-लोहार-कोष्टी दादांनो, हल्लीं मोबाइलवर इतिहास सांगणारांचें पीक फार आलें आहे. त्याला पॉडकास्ट म्हणतात. आजची भानगड कां उपजली, तिचें मूळ शंभर-दीडशें वर्षांमागें कोठें, हें तासभर गोड आवाजांत सांगतात. ऐकावें; आम्हीही ऐकतों. क्रमिक पुस्तकांत नाहीं तें पुष्कळ त्यांत मिळतें. पण एक सवाल मनांत ठेवून ऐका: हा बाबा मूळ खणतां खणतां थांबला कोठें?

ऑगस्ट २०२५ ची गोष्ट घ्या. अमेरिकेनें हिंदुस्थानच्या मालावर ५० टक्के जकात बसविली, आणि आपल्या सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठविलें, तें ऐन वेंचणीच्या हंगामांत, वर्षअखेरपर्यंत! आम्हीं ऐकलेल्या कथांत मूळ सांगितलें तें असें: अमुक अध्यक्ष, तमुक करार, रशियाचें तेल. असेल. पण आमच्या बोंडाची मान परक्याच्या भांडणांत अडकली कधीं?

अडकली ती १८६१ सालीं. अमेरिकेंत यादवी माजली. विलायतेच्या गिरण्यांना लागणारा रुपयांतला बारा आणे कापूस तिकडून येई. तो आटला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना एकाएकीं आमची आठवण झाली. सावकार दारीं येऊन पैसे देऊं लागला. १८६५ सालीं लढाई मिटली. तिकडची गुलामगिरी मोडली, तें फार चांगलें झालें; जोतिरावांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक त्या लोकांनाच अर्पण केलें. पण इकडे भाव कोसळला, सावकारानें हात आखडला, आणि त्याच सुमारास सरकारनें साऱ्याची फेरआकारणी केली. कोठें सारा दीडपट, कोठें दुप्पट!

आतां खतांची करामत पहा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जखत तीन वर्षेंच चाले. कायदा कुळाच्या भल्यासाठीं! सावकारानें काय केलें? दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत घालून नवें खत लिहून घेतलें, आणि त्यावर पुन्हां व्याज. शंभर रुपयांवर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचा दाखला सरकारी चौकशींतच आहे. आज मार्चअखेर आली कीं सोसायटींत ‘नवं-जुनं’ करायला आम्ही धांवतों, आणि त्या चार दिवसांपुरते पैसे कित्येकांना खासगी सावकाराकडून उचलावे लागतात. सोसायटीचा दर म्हणजे त्या सावकाराचा दर नव्हे, हें खरें. पण कागद नवा आणि कर्ज जुनें, हा खेळ ओळखीचा वाटत नाहीं काय?

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें या बाजारपेठेच्या गांवीं आसपासचे कुणबी जमले. त्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें मागितलीं आणि जाळलीं. तें लोण पुणें-नगरच्या तिसांहून अधिक गांवीं गेलें. ९५१ माणसें पकडलीं गेलीं. मग सरकारनें कमिशन नेमलें. त्यानेंही मूळ शोधलें बरें! निकाल काय? दोष सावकाराचा, सारा वाढला म्हणून रयत चिडली नाहीं. सावकार कांहीं सोंवळा नव्हता. पण कमिशन नेमणारा कोण? कुदळ कचेरीच्या पायरीशीं आली आणि थांबली. १८७९ चा शेतकऱ्यांचा कायदा झाला, त्यानें सावकाराला वेसण घातली. साऱ्याचा आंकडा होता तिथेंच राहिला.

तेव्हां पॉडकास्टवाल्या मित्रांनो, राजे सांगा, तह सांगा, लढाया सांगा. पण त्या सालीं कापसाचा भाव काय, सारा काय, व्याज काय, एवढें तरी सोबत सांगत जा. आणि बंधूंनो, आजोबांच्या पेटींत जुनें खत, गहाणखत, वांटणीचा कागद सांपडला तर चुलींत घालूं नका. शाळेंत घेऊन या. मोडींत असला तर वाचणारा आम्ही शोधून आणूं.