बाबा भाडेकरू, आपण मालक!

मंडळी, आमच्या ऑफिसात सध्या एक नवा ट्रेण्ड आहे. दुसरा फ्लॅट घ्यायचा, पण कुलूप लावून ठेवायला नाही, तर आई-बाबांना गावाकडून पुण्यात आणायला. आणि पेन्शनर बाबा इतके मानी, की ‘फुकट राहणार नाही, भाडं देईन’ ही त्यांची पहिली अट! ऐकायला एकदम गोड. पण ही गोडी टिकणार की नाही, ते डाऊन पेमेण्टच्या वेळीच ठरतं, बॉस.

आधी आकडे. समजा ६० लाखांचा रिसेलचा फ्लॅट पसंत पडलाय. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देऊ शकते. म्हणजे ४८ लाख बँकेचे, १२ लाख आपले. बहुतेकांचं गणित इथेच थांबतं. पण स्टॅम्प ड्युटी या किमतीत धरली जात नाही! पुण्यात ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. झाले की साडेसोळा लाख! ब्रोकर आणि सोसायटीची ट्रान्सफर फी वेगळीच. (खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ड्युटीत १ टक्का सूट मिळते. मुलींनो, ६० हजार वाचले!)

मग हा खड्डा भरायला कोण पुढे येतं? अर्थातच बाबा. ‘अरे, माझी एफडी मोड ना!’ माझ्या एका मित्रानं असे ६ लाख घेतले. दोन महिन्यांनी बहिणीनं विचारलं, ‘दादा, घरात बाबांचे पैसे आहेत, मग बाबा भाडं कशाचं भरतायत?’ प्रश्न खोचक होता, पण चुकीचा नव्हता. दादाकडे उत्तर नव्हतं, कारण ते पैसे नेमके कसले, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून फंडा क्लिअर ठेवा. बाबांचा पैसा तीनपैकी एकच काहीतरी असू शकतो. एक, भेट. आई-वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर मुलांना टॅक्स नाही, रक्कम कितीही असो. पण साध्या कागदावर लिहून घ्या आणि भावंडांना सांगा. दोन, उसने. मग परतफेड वेगळी, भाडं वेगळं; दोन्हीची खिचडी नको. व्यवहार बँकेतूनच, कारण २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख उसनी घेता येत नाही. तीन, हिस्सा. मग अ‍ॅग्रीमेण्टवर बाबांचं नावही हवं. पण मग ते मालकच झाले, भाडेकरू कसले?

भाड्यातून हप्ता सुटेल, या भ्रमातही राहू नका. ४८ लाखांना ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी महिना ४० हजारांचा ईएमआय बसतो. बाबा १५ हजार देणार असतील, तर उरलेले २५ हजार तुमच्या पगारातून. हे भाडं तुमचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. त्यातून ३० टक्के वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. पण नव्या टॅक्स रेजीममध्ये उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. आणि हो, लीव्ह अ‍ॅण्ड लायसन्सचा करार बाप-लेकातही लेखी आणि रजिस्टर्डच लागतो. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा तसं सांगतो.

माझं मत विचाराल तर, जी एफडी बाबांच्या दवाखान्यासाठी ठेवलीय, तिला हात लावू नका. तिच्याशिवाय साडेसोळा लाख जमत नसतील, तर लहान फ्लॅट बघा. नाहीतर सरळ ११ महिने त्यांच्यासाठी भाड्याचं घर घ्या. पुणं मानवतंय का, तेही कळेल. फ्लॅट काय, पुढच्या वर्षीही मिळेल. म्हातारपणी मोडलेली एफडी पुन्हा उभी करायला मात्र बाबांकडे नोकरी नसते!