अ‍ॅशेनफेल्टर नशिबाने जिंकला नाही

संपादक महोदय,


‘रशियाचा कझान्त्सेव्ह अडखळला म्हणून अमेरिकेला सुवर्ण मिळाले’, हे गेल्या अंकातील विधान होरेस अ‍ॅशेनफेल्टरवर अन्याय करणारे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या शेवटच्या पाण्याच्या उडीवर कझान्त्सेव्हचा तोल गेला, हे खरे. पण अ‍ॅशेनफेल्टरची वेळ पाहा : ८ मिनिटे ४५.४ सेकंद. कझान्त्सेव्हची त्याआधीची सर्वोत्तम वेळ होती ८ मिनिटे ४८.६ सेकंद. ती त्याने त्या दिवशी पुन्हा नोंदवली असती, तरी तो मागेच राहिला असता. शिवाय दमलेल्या पायांनी पाण्यातून सावरून बाहेर पडणे हीच तर या शर्यतीची खरी कसोटी.

अ‍ॅशेनफेल्टरच्या या वेळेला लेखकांनी ‘अधिकृत विश्वविक्रम’ म्हटले आहे. पण या शर्यतीचे अधिकृत विक्रम १९५४ पासून नोंदवले जाऊ लागले; म्हणजे १९५२ ची ही वेळ अधिकृत विक्रम ठरू शकत नाही.

‘एका शर्यतीचा मानकरी’ हा शेराही टिकत नाही. सहा मैल आणि क्रॉस-कंट्रीची राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. एफबीआयची नोकरी सांभाळून तो रात्री सराव करी. बागेतली बाकडी हेच त्याचे अडथळे. १९५६ मध्ये मेलबर्नला तो प्राथमिक फेरीतच बाद झाला, एवढे मान्य. त्यामुळे हेलसिंकीचे यश उणे होत नाही. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, सातारा