गणित सोडण्याआधी

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस आले की शाळेच्या कार्यालयात दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतींचे कागद बाहेर निघतात. लेखनिक हवा का? तासाला वीस मिनिटे जादा वेळ? आकृत्या-नकाशे वगळायचे? गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घ्यायचे? लिपिक विचारत जातो, खुणा करत जातो, शेवटी पालक सही करतात. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी शीव किंवा नायर रुग्णालयाच्या बाकावर ताटकळलेल्या आईला तेव्हा एवढेच दिसत असते, की पोर एकदाचे दहावी सुटेल.

आणि ते सुटतेही. पण अकरावीचा अर्ज भरायला बसल्यावर कळते, की विज्ञान शाखेच्या गणिताला सातवीच्या अंकगणिताची शिदोरी पुरणारी नाही. मग ‘कला शाखा घ्या, सोपी जाईल’ हा ठरलेला सल्ला मिळतो. मुलाला काय आवडते, याची चौकशी तोवर कोणी केलेलीच नसते. कर्णबधिर मुलांचे आणखी अवघड. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात दुसरी व तिसरी भाषा वगळण्याच्या सवलतीचा उल्लेख आहे. हेतू चांगलाच, पण मराठी माध्यमात वगळली जाणारी भाषा बहुधा इंग्रजी असते, आणि पुढच्या बहुतेक अभ्यासक्रमांची पुस्तके नेमकी त्याच भाषेत!

सवलती नकोत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. घोळ आहे तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच रांगेत मांडण्याचा. लेखनिक किंवा जादा वेळ घेतल्याने मुलाचे काहीच जात नाही; तो इतरांचाच पेपर इतरांसारखा सोडवतो. विषय सोडला की मात्र पुढच्या काही वाटा बंद होतात. काही मुलांना तो सोडावाच लागतो, हे खरे. पण गणित जड जाते म्हणून सोडणे वेगळे आणि शिकवायला कोणी नाही म्हणून सोडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात सवलत मुलाला मिळते की शाळेला?

श्रीकांत बोल्ला यांच्यावरचा हिंदी चित्रपट 2024 मध्ये अनेकांनी पाहिला असेल. आंध्रातल्या या अंध मुलाला दहावीनंतर विज्ञान शाखा नाकारली गेली. तो न्यायालयात गेला, प्रवेश मिळवला, बारावीला 98 टक्के गुण घेतले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकला. टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण शाखा निवडण्यासाठी सोळाव्या वर्षी न्यायालयाची पायरी चढणे किती घरांना परवडते?

अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात अशा विद्यार्थ्याचा वैयक्तिक आराखडा असतो. शाळेनंतर त्याला काय करायचे आहे आणि त्यासाठी कोणते विषय लागतील, हे वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्यात लिहावे लागते, आणि त्या बैठकीला खुद्द मुलालाही बोलवावे लागते. आपल्या कायद्याचे 16 वे कलमही प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर आणि शिक्षण पूर्ण होण्यावर लक्ष ठेवायला सांगते. हे लक्ष ठेवायचे कोणी? अनेक शाळांची जबाबदारी डोक्यावर असलेल्या आणि बहुधा कंत्राटावर नेमलेल्या फिरत्या विशेष शिक्षकाने?

मंडळाने नवा विभाग उघडावा, अशी मागणी नाही. सवलतीच्या अर्जात विषयबदलाचा भाग वेगळा छापावा आणि तो विषय सोडल्यास दहावीनंतर कोणते प्रवेश अवघड होतात, हे तिथेच साध्या मराठीत लिहावे. ही बोलणी आठवीतच, मुलाला समोर बसवून व्हावीत. आणि पालकांनो, छापील कागद येईल तेव्हा येईल; तोवर विषय सोडण्याच्या रकान्यापुढे सही करण्याआधी कोणते प्रवेश अवघड होतील, याचे उत्तर मुख्याध्यापकांकडून लेखी मागा.