फवारण्याआधी नीट पाहा!

परसातल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, की तो पिठ्या ढेकूण, हे बहुतेक गृहिणींना ठाऊक असते. पण एखाद्या दिवशी त्याच पुंजक्यांत एक भलामोठा, झिपऱ्या वाढलेला पांढरा किडा फिरताना दिसतो. 'आता पिल्लंसुद्धा एवढी माजली!' असे म्हणत हात औषधाच्या पंपाकडे जातो. घोटाळा होतो तो नेमका इथेच.

पिठ्या ढेकणाचे पिल्लू आईसारखेच दिसते. चपटे, लंबगोल आणि अंगावर पीठ भुरभुरल्यासारखे. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर भरते. सोंड खुपसून रस शोषत ती बसल्या जागी बसते. डिवचले तरी सावकाश सरकते.

झिपऱ्या किडा मात्र १ सेंटिमीटरहूनही लांब होतो. काडीने हलकेच स्पर्श केला, तर लगबगीने चालू लागतो. भिंगातून पाहिल्यास मेणाच्या झिपऱ्यांखाली पायांच्या तीन जोड्या दिसतात. हे ढेकणाचे पिल्लू नव्हे. ही आहे ढेकणाचा वैरी असलेल्या 'क्रिप्टोलेमस' या ढालकिड्याची अळी! ढेकणाची अंडी आणि पिल्ले हेच तिचे खाणे. गोड, चिकट स्रावाच्या लोभाने ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्याही तिच्या या वेषाला फसतात.

हा कीटक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली कॉफीवरील किडीच्या बंदोबस्तासाठी तो दक्षिण भारतात आणला गेला. आज महाराष्ट्रातले द्राक्ष आणि सीताफळाचे बागायतदार तो विकत आणून बागेत सोडतात. आपल्या परसात तोच पाहुणा आपण होऊन आला असेल, तर त्याच्यावर विष कशाला फवारायचे?

अशी अळी दिसली, तर औषध बाजूला ठेवावे. जिथे अळ्या नाहीत, तेवढेच पुंजके पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावेत. काही दिवसांनी अळी कोषात जाते आणि त्यातून मसुराच्या दाण्याएवढा, काळसर पाठीचा, नारिंगी डोक्याचा भुंगेरा बाहेर पडतो. तोही ढेकणांवरच ताव मारतो.

जास्वंद दोन आठवडे थांबू शकते. औषधाला मात्र वैरी कोण आणि सोबती कोण, हे कळत नाही.