एका अंशाची चूक

सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाकडे कधी नीट पाहिले आहे का? डोळे पाहतात, हात सरकतो. डोळे पुन्हा पाहतात, हात सावरतो. चूक दिसते, म्हणून ती दुरुस्त होते. मोठी अचूक यंत्रेही याच रीतीने चालतात. मोटर भाग हलवते. मोजणारे साधन तो कोठे पोहोचला हे सांगते. नियंत्रक फरक काढतो आणि मोटरला पुन्हा हुकूम देतो.

पालघर जिल्ह्यातील तारापूरचेच उदाहरण घ्या. तेथील अणुवीज केंद्रात २००५ आणि २००६ साली दोन नव्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. प्रत्येकीत इंधनाच्या ३९२ आडव्या नळ्या आहेत. भट्टी चालू असतानाच त्यांत इंधन भरतात. त्या वेळी तेथे माणूस उभा राहू शकत नाही. नळीच्या दोन टोकांना दोन यंत्रे नेमकी येऊन जोडली जातात. एक नवे इंधन आत ढकलते, दुसरे जुने बाहेर घेते.

आता आकाशाकडे पाहा. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. त्याच्याकडे वळवलेली दुर्बीण फक्त एक अंश चुकली, तर नेम सुमारे ६,७०० किलोमीटर बाजूला जातो. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे चंद्रच हुकतो! पुणे जिल्ह्यात खोडद गावाच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढ्या अवजड तबकड्याही अशाच नेमकेपणाने वळवाव्या लागतात.

काही जण म्हणतात, “आता सारे यंत्रच करते. मग आम्ही मोजमाप कशाला शिकावे?” मला हे पटत नाही. मोजणारे साधन जेवढे सांगते, तेवढेच यंत्राला कळते. ते साधनच वाकडे बसवले, तर यंत्र तीच चूक हजार वेळा इमानाने करील. आणि साधन बसवतो माणूस.

तुमच्यापैकी काही मुले-मुली उद्या बोईसरच्या कारखान्यांत काम करतील. कारखान्यांच्या भोवती गावे आहेत, वस्त्या आहेत. तेथे चुकीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. म्हणून “चालेल” म्हणणाऱ्यापेक्षा “पुन्हा मोजतो” म्हणणाऱ्याच्या हातीच यंत्र सोपवावे.

ही सवय आजच लावून घ्या. भूमितीचा कोन मोजला की कोनमापक उचला आणि पुन्हा मोजा. दोन उत्तरे वेगळी आली तर लाजू नका. चूक सापडली, म्हणजे अर्धे काम झाले.