दुसरा स्पार्क प्लग आणि न लागलेला निकाल

बँकेत असताना काही वर्षे मी पिंपरी-चिंचवड भागातल्या एका शाखेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पाहत होतो. एका लेथवाल्याने एकाच पकडीत दोन भोके पाडता येतील असे जिग बनवले होते. मी प्रकरणावर शेरा मारला : ‘यात नवीन काही नाही.’ तो एवढेच म्हणाला, “साहेब, बघितल्यावर सोपंच वाटणार ते.” प्रकरण फेटाळले गेले.

बजाज ऑटो आणि टीव्हीएस यांच्यातील पेटंटचा वाद वाचताना मला तो माणूस हटकून आठवतो. पेटंटच्या कायद्यातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे : शोध नवा असून भागत नाही, तो त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा लागतो. आणि सुचून गेलेल्या गोष्टीबद्दल हे ठरवायचे कसे?

पुण्याच्या बजाजने २००२ च्या जुलैमध्ये अर्ज केला आणि २००५ मध्ये पेटंट मिळवले. लहान इंजिनाच्या, म्हणजे ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. दोन्हीकडून ठिणगी पडली की ज्वाला लवकर पसरते, आणि पेट्रोलचे प्रमाण कमी असलेले मिश्रणही नीट जळते. टीव्हीएसने २००७ मध्ये १२५ सीसीची ‘फ्लेम’ आणली, तीतही दोन प्लग. टीव्हीएसचे म्हणणे, दोन प्लगांत नवे ते काय? होंडाच्या जुन्या अमेरिकी पेटंटात ते आहेतच. शिवाय आमच्या इंजिनाला व्हॉल्व्ह तीन. विमानांच्या इंजिनांत तर दोन प्लग कितीतरी आधीपासून होते.

हा युक्तिवाद वजनदार आहे. पण माझे मत विचाराल तर तो पुरा नाही. गोष्ट इतकी सहज सुचणारी होती, तर वर्षानुवर्षे लहान मोटारसायकली बनवणाऱ्यांना ती आधी का सुचली नाही? सुचली नाही, की एवढ्याशा सिलिंडरला परवडणार नाही म्हणून कोणी केली नाही? याचे उत्तर तर्काने मिळत नाही. साक्षी-पुरावे, उलटतपासणी लागते.

तीच तर झाली नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. टीव्हीएसच्या अपिलावर मे २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की टीव्हीएसने हिशेब ठेवून गाडी विकावी आणि खटला रोजच्या रोज चालवून ३० नोव्हेंबरपर्यंत निकाली काढावा. असे दावे मनाई हुकमाच्या भांडणातच वर्षानुवर्षे अडकतात, अशी नाराजीही न्यायालयाने व्यक्त केली.

बँकेतही मी ‘तातडीचे’ असा लाल शेरा असलेल्या फायली पाहिल्या आहेत, त्यामुळे पुढचे ऐकून नवल वाटले नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड करून परस्परांवरील दावे मागे घेतले. दोघींनाही दहा-बारा वर्षे वकील पोसणे परवडले. माझ्या लेथवाल्याला दहा-बारा महिनेही परवडले नसते. त्याचे जिग दुसऱ्या कोणी उचलले असते, तरी तो कोर्टाची पायरी चढला नसता.

पेटंटची वीस वर्षांची मुदत २०२२ च्या जुलैमध्ये संपली. फ्लेम त्याआधी केव्हाच बाजारातून गेली होती. लहान सिलिंडरमधला दुसरा प्लग सहज सुचण्यासारखा होता की नाही, हे कोणत्याही न्यायालयाने पुरावा ऐकून ठरवलेले नाही.